एकशे बावीस खिसे

मास्तरांच्या दुकानावर पाटी होती, 'फक्त जेन्ट्स'. त्यातला 'फक्त' त्यांनी पेंटरकडून मुद्दाम मोठ्या अक्षरात काढून घेतला होता. चाळीस वर्षांत त्यांच्या टेपने एकाही बाईमाणसाचं माप घेतलेलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायको म्हणाली होती, "माझंही एखादं काही शिवा की," तेव्हा त्यांनी नुसतं पाटीकडे बोट दाखवलं होतं. पुन्हा काही तिने विचारलं नाही. तत्त्वाचा माणूस घरात असला की बाकीच्यांना सवय करून घ्यावी लागते.

पँट ही त्यांची खासियत, आणि पँटमध्ये खिसा. "एक वेळ पँट फाटेल, पण आमचा खिसा फाटायचा नाही," हे वाक्य माप देणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने हात वर करून उभ्याउभ्या ऐकलेलं असे. खिशाचा पुठ्ठ्याचा फर्मा त्यांच्या उस्तादांनी दिलेला. तो भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा. शेजारची कॅलेंडरं दरवर्षी बदलत, फर्मा बदलत नसे. लोक बारीक झाले, जाड झाले, पँटा बेंबीवरून कमरेखाली घसरल्या, पण खिसा तोच.

तर एका दुपारी मास्तरांची नात दप्तर आपटत दुकानात शिरली. ही सहावीतली. जागी झाल्यापासून झोपेपर्यंत तोंड चालू, म्हणून घरीदारी तिला टिटवी म्हणत. त्या दिवशी मात्र ती काहीच बोलेना, तेव्हा मास्तरांनी मशीनच थांबवलं.

"काय झालं गं?"

"लंबूला किल्ली दिली."

एवढं म्हणून टिटवीने भोकाड पसरलं. मग हुंदक्यांच्या मधल्या जागांतून जे बाहेर आलं ते असं. शाळेत गोष्टींच्या पुस्तकांचं एक कपाट होतं. ते मधल्या सुट्टीत उघडायचं आणि त्याची किल्ली एका मुलाकडे असायची. यंदा सगळ्यांत जास्त पुस्तकं टिटवीने वाचलेली, त्यामुळे किल्ली तिलाच मिळणार हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. पण दोन वर्षांपूर्वी एका मुलीने किल्ली कंपासपेटीत ठेवली, कंपासपेटी हरवली आणि शेवटी कुलूप फोडावं लागलं. तेव्हापासून मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नियम केला होता की किल्ली खिसा असणाऱ्याकडेच राहील. मुलांच्या पँटला दोन खिसे. मुलींच्या फ्रॉकला एकही नाही. झालं! किल्ली आधी पंधरा दिवस तात्पुरती आणि आज वर्षभरासाठी सातवीतल्या लंबूकडे गेली. हा लंबू मधल्या सुट्टीत मैदानावर चेंडूमागे धावायचा, त्यामुळे त्या पंधरा दिवसांत कपाट एकदाच उघडलं होतं.

"आणि माझं जहाज त्र्याऐंशीव्या पानावर बुडतंय, आजोबा! पुस्तक आत आहे!"

मास्तरांना जहाजापेक्षा दुसरंच लागलं. खिसा नाही म्हणून त्यांच्या नातीचा मान गेला! हलवायाच्या घरचं पोर उपाशी राहावं तशातली गत होती.

"काढ तो फ्रॉक. आत्ता लावून देतो खिसा."

टिटवीने डोळे पुसले. "फक्त मला नको. मग म्हणतील, हिचे आजोबा शिंपी म्हणून हिला मिळाला. लावायचा तर सगळ्या मुलींना लावा."

"सगळ्या म्हणजे किती?"

"पाचवी ते सातवी. एकसष्ट."

मास्तरांनी छाती फुगवून "लावतो" म्हटलं. मोठ्या संकटांची सुरुवात बहुधा अशीच छाती फुगवून होते.

वरच्या मजल्यावर बँकेचे निवृत्त मॅनेजर राहत. निवृत्त झाल्यापासून त्यांना मॅनेज करायला घरात कोणी देत नव्हतं, म्हणून ते इतरांच्या कामात लक्ष घालत. बातमी कळताच ते वही घेऊन खाली आले.

"मास्तर, याला दान म्हणू नका. गुंतवणूक म्हणा. मुलींच्या बरोबरीसाठीची गुंतवणूक."

"फरक काय पडतो?"

"दान देऊन माणूस मोकळा होतो. गुंतवणूक केली की अडकतो. परतावा बघावा लागतो, अहवाल लिहावा लागतो." मॅनेजरांनी वहीत दोन रेघा ओढल्या. "आता सांगा, मुलांना खिसे किती?"

"दोन."

"मग मुलींना एक कसा? समता म्हणजे समता! एकसष्ट दुणे एकशे बावीस."

एका वाक्यात काम दुप्पट करून मॅनेजर चहा पिऊन गेले. समोरचा औषधवाला म्हणाला, एवढं करता आहात तर चेनही लावा. त्याची बायको म्हणाली, चेन नको, बोट अडकतं, बटण लावा. वर्तमानपत्रवाल्याने विचारलं, "पण मुली खिशात ठेवणार काय?" हा प्रश्न पुढे सगळ्यांनी विचारला. दाढी करणाऱ्याने तर अर्धी दाढी झालेली असताना वस्तरा थांबवून विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत उरलेल्या अर्ध्या गालाला हात लावला नाही.

मास्तरीणबाई मात्र एवढंच म्हणाल्या, "चाळीस वर्षांनी सुचलं. बरं झालं." मास्तरांना ते कौतुक वाटलं.

मोठ्या बाईंना कल्पना आवडली. पण गणवेशाचा नमुना शिक्षण कचेरीने मंजूर केलेला, तेव्हा परवानगी तिथूनच हवी. नवा कोट घालून मास्तर कचेरीत गेले. कारकुनाने देणगीचा फॉर्म काढला. त्यात दोनच रकाने होते, 'वस्तू' आणि 'बांधकाम'.

"खिसा सुटा देणार की जोडून?"

"सुटा खिसा घेऊन मुली काय करतील? जोडूनच."

"म्हणजे असलेल्या गोष्टीला कायमची जोड. ती बांधकामात येते." कारकुनाने तिथे खूण केली. "उद्देश?"

"ठेवणे."

"काय ठेवणे?"

"जे ठेवायचं असेल ते."

"असं मोघम चालत नाही, मास्तर. यादी द्या."

मास्तरांनी लिहिलं: रुमाल, पेन्सिल, किल्ली. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "आणि याव्यतिरिक्त काही ठेवल्यास जबाबदार कोण?"

इथे मास्तरांचा तोल गेला. "अहो, मुलांच्या खिशांचा काय उद्देश लिहिलाय तुमच्याकडे? तो काढा बघू!"

कारकून प्रामाणिक होता. त्याने उठून जुनी फाईल शोधली, धूळ झटकली आणि वाचलं, "मुलांची पँट. खिसे दोन." पान उलटून पाहिलं, परत सुलटं केलं. "उद्देश लिहिलेला नाही. मुलांना खिसे असतातच."

मग कारकुनाने मुकाट्याने शिक्का मारला, पण रकाना काही बदलला नाही. त्यामुळे आठ दिवसांनी दुकानापुढे बांधकाम विभागाचे इंजिनियर येऊन उभे राहिले. हातात टेप, काखेत नकाशाची गुंडाळी. मास्तरांच्याही गळ्यात टेप. दोन टेपवाल्यांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं.

"वाढीव काम कुठे आहे?"

मास्तरांनी टिटवीचा फ्रॉक पुढे धरला. इंजिनियरांनी डोकं खाजवलं, पण इतक्या लांब आलोच आहोत तर म्हणून फ्रॉकची लांबी-रुंदी घेतली आणि शेरा लिहिला, 'जोडकामामुळे मूळ रचनेस धोका नाही. वायुवीजन पुरेसे.' जाताना स्वतःच्या पँटचं माप देऊन गेले.

परवानगी आली. चाचणी परीक्षेनंतर चार दिवस सुट्टी होती. एकसष्ट आकाशी फ्रॉक गाठोड्यांतून दुकानात आले. मास्तरांनी खिळ्यावरचा फर्मा काढला, कपाळाला लावला आणि पांढऱ्या कापडाच्या घड्या घालून सपासप खिसे कापले. मास्तरीणबाई शिवणी उसवून देत होत्या. तिसऱ्या फ्रॉकला त्या थांबल्या.

"अहो, हे जरा मोठं नाही का होत? एकदा पोरीच्या अंगावर घालून बघा की."

"अगं, हा फर्मा माझ्या उस्तादांचा आहे."

"उस्ताद पाचवीत होते का?"

"तू उसव. धुतलं की आटतं कापड."

चार दिवसांत एकशे बावीस खिसे लागले. मास्तर प्रत्येक फ्रॉकची घडी पँटसारखी कडक घालत, त्यामुळे खिसे आतल्या आत दुमडून गप्प बसले. बिंग फुटलं ते सोमवारी.

सोमवारी मास्तर नवा कोट घालून शाळेच्या फाटकाबाहेर उभे होते. बाजूला मॅनेजर वही घेऊन. आत मैदानावर प्रार्थनेच्या रांगा लागल्या. मुलींची रांग आली आणि मास्तर फाटकाला नाक लावून पाहू लागले. सातवीच्या मुलींचं एक वेळ ठीक होतं. सहावीच्या फ्रॉकखालून पांढरं काहीतरी डोकावत होतं. पाचवीच्या मुलींच्या गुडघ्यांवर तर दोन्ही बाजूंनी वीतभर पांढरे खिसे लोंबत होते. दमलेल्या कुत्र्यांनी जिभा बाहेर काढाव्यात तसे. वारा आला की सगळे एकदम हलत.

"परतावा दिसायला लागला," मॅनेजर म्हणाले. मास्तरांनी कोटाची कॉलर वर केली.

मुली रडतील असं सगळ्यांना वाटलं. त्या रडल्या नाहीत. प्रार्थना संपायच्या आत त्यांना त्या खिशांचा शोध लागला. मधल्या सुट्टीपर्यंत एकीच्या खिशात पाण्याची बाटली होती, एकीच्या खिशात दोरीउडीची अख्खी दोरी, एकीने नकाशांचं पुस्तक गुंडाळून घातलं होतं, आणि पाचवीतल्या एका मुलीच्या खिशातून गणिताच्या तासाला मांजराचं पिल्लू म्यांव म्हणालं. मुलं हेव्याने हिरवीनिळी झाली. कोणाला पळता येत नव्हतं, पण चालताना प्रत्येकीच्या चेहऱ्यावर संस्थान मिळाल्याचा थाट होता.

मोठ्या बाईंनी मास्तरांना खोलीत बोलावलं. त्या चष्मा शोधत होत्या आणि तो त्यांच्या डोक्यावर होता.

"मास्तर, तुमचा हेतू चांगला आहे. पण शुक्रवारी शिक्षणाधिकारी मॅडम येताहेत. तोवर हे खिसे फ्रॉकच्या आत तरी गेले पाहिजेत, नाहीतर काढून टाका. आणि काढलेत तर किल्लीचा नियम आहे तसाच राहील. माझा नाइलाज आहे."

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. चाळीस वर्षांत एक पँट परत आली नव्हती, आणि इथे एकसष्ट फ्रॉक परत येणार होते! पण फ्रॉकपेक्षा टिटवी जास्त बोचत होती. ती कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि एका शब्दाने त्यांना बोल लावत नव्हती. त्यांनी फर्मा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"कापायचा म्हटला तरी किती कापू? मुलींचा खिसा केवढा असतो, हेच मला ठाऊक नाही," ते शेवटी म्हणाले. हे वाक्य उच्चारायला त्यांना चाळीस वर्षं आणि एक सोमवार लागला.

मास्तरीणबाई उठल्या. घरातला त्यांचा सुती गाऊन त्यांनी दांडीवरून काढला, शिवणीत हात घातला आणि आतला खिसा बाहेर काढून टेबलावर ठेवला. हातशिलाईचा. टाके इतके सारखे की मशीनने मान खाली घालावी. कापड मास्तरांच्या ओळखीचं होतं, कुठल्याशा करड्या पँटच्या उरलेल्या तुकड्याचं.

"हा कधी केलास?"

"हा चौदावा असेल. गाऊन विटला की नव्याला लावते, बाहेरच्या पंजाबी ड्रेसलाही. पहिला केला तो तुम्ही पाटी दाखवलीत त्याच आठवड्यात, तुमच्या चिंध्यांतून."

मास्तरांनी त्या खिशात हात घातला. त्यांचा हात अर्ध्यावर अडकला. मग टिटवीने घातला. मनगटापर्यंत गेला आणि आत मूठही वळली.

"आजोबा, एवढाच!" ती उठून उभी राहिली आणि तिचं तोंड परत सुरू झालं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर दुकानापुढे एकसष्ट मुलींची रांग लागली. मास्तर टेप हातात घेऊन उभे राहिले आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मास्तरीणबाईंनी त्यांच्या हातातला टेप काढून आपल्या गळ्यात घातला. "तुम्ही लिहा," त्या म्हणाल्या. आणि 'फक्त जेन्ट्स' पाटीखाली, स्टुलावर बसून, मास्तर निमूटपणे आकडे लिहू लागले. एक म्हणाली, हात पूर्ण जावा. एक म्हणाली, डावखुरी आहे, डावा जरा मोठा करा. पिल्लूवाली म्हणाली, भोक ठेवा, त्याला श्वास घ्यायला. "वायुवीजन पुरेसे आहे," मास्तर न बघता म्हणाले.

एकशे बावीस खिसे उसवून, कापून, परत शिवायचे होते. मॅनेजर वही बाजूला ठेवून दोरे तोडायला बसले आणि त्या कामात ते चांगले निघाले. औषधवाल्याची बायको आली. गुरुवारी तर मोठ्या बाई स्वतः टाके घालायला आल्या आणि जाताना हळूच विचारून गेल्या, की मोठ्यांच्या कपड्यांना असं काही जमेल का, चष्म्यापुरतं.

शुक्रवारी अधिकारी मॅडम आल्या. मास्तर आणि मास्तरीणबाई दोघांनाही पाहुणे म्हणून बसवलं होतं. मुलींच्या रांगा बघून मॅडम खूश झाल्या, एकही खिसा डोकावत नव्हता. मग त्या वाचनाच्या कपाटापाशी आल्या.

"उघडा पाहू. मुलं काय वाचतात बघू या."

मोठ्या बाईंनी लंबूला हाक मारली. लंबू पुढे आला. त्याने उजव्या खिशात हात घातला. हात आत गेला, आणखी आत गेला, आणि बोटं गुडघ्यापाशी अर्ध्या पँटच्या पायातून बाहेर येऊन हलू लागली. खिशाला तळच नव्हता.

मॅडमना हसू आवरेना. मास्तर मात्र खुर्चीवरून अर्धे उठले. ती पँट त्यांनी ओळखली होती. लंबूच्या थोरल्या भावासाठी त्यांनीच शिवलेली, मग मधल्याने वापरलेली. पँट धडधाकट होती. फाटला होता तो खिसा!

"किल्ली कुठे आहे?" मोठ्या बाईंचा आवाज चढला.

लंबूने खाली पाहिलं. मग पाचवीच्या रांगेकडे पाहिलं. तिथून एक पिटुकली मुलगी बाहेर आली, त्याची धाकटी बहीण. तीच ती पिल्लूवाली. तिने आपली वेणी पुढे घेतली, रिबीन सोडली, पेड उलगडले आणि आतून किल्ली काढून मोठ्या बाईंच्या हातावर ठेवली.

"हिच्याकडे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," लंबू म्हणाला. "माझा खिसा फाटका आहे बाई, पण सांगायची लाज वाटली. मला किल्ली नकोच होती. मला खेळायचं असतं."

"आणि तू गं? वेणीत घालून नुसती हिंडत होतीस?"

"नाही," पिटुकली म्हणाली. "शाळा सुटल्यावर दादा खेळतो ना, तेव्हा मी कपाट उघडून वाचते. वरचे दोन कप्पे झाले."

ज्या किल्लीसाठी खिसा लागतो असा नियम होता, ती बिनखिशाच्या पोरीकडे इतके दिवस सुखरूप होती. मोठ्या बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "नियम चुकला माझा," त्या सरळ म्हणाल्या, सगळ्यांदेखत, आणि मग, "टिटवी, इकडे ये."

टिटवी गेली. किल्ली घेतली. मुठीत धरून तिने हात खिशात घातला आणि तसाच तिथे ठेवला. मास्तरांना समोरचं धूसर दिसू लागलं. त्यांनी कोटाच्या खिशात रुमाल शोधला, तो सापडला नाही, तेव्हा मास्तरीणबाईंनी आपल्या खिशातून त्यांना दिला.

टिटवी पिटुकलीच्या कानाशी वाकून विचारत होती, "जहाजाचं वाचलंस? बुडलं का गं?"

"सांगू?"

"नको नको नको!" म्हणत टिटवी कपाटाकडे धावली.

मॅनेजरांनी अहवाल मात्र सोडला नाही. त्यांनी एकसष्ट मुलींना फॉर्म वाटले. पहिला प्रश्न, 'खिसे वापरता का?' त्याला एकसष्ट वेळा 'हो'. दुसरा प्रश्न, 'खिशात काय ठेवता?' त्यापुढे टिटवीने लिहिलं होतं, 'लंबूला विचारलं होतं का?' पिटुकलीने मांजराचं चित्र काढून खोडलं होतं. उरलेल्या एकोणसाठ जागा कोऱ्या.

"आता मी अहवालात काय लिहू?" मॅनेजर कळवळून म्हणाले.

"लिहा, खिसे आहेत," मास्तर म्हणाले आणि लंबूच्या पँटला नवा खिसा लावायला बसले. फुकट, आणि दुहेरी टीप मारून.

संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती टेप गुंडाळत होती. चाळीस वर्षं, चौदा खिसे. त्यांच्या तोंडावर तोच प्रश्न आला जो दाढी करणाऱ्याच्या, कारकुनाच्या, सगळ्या गावाच्या तोंडावर आला होता.

"अगं, इतकी वर्षं तू त्या खिशात ठेवतेस तरी—" इथपर्यंत आले आणि थांबले. "नाही. राहू दे."

मास्तरीणबाई हसल्या. त्यांनी खिशात हात घातला, आत बराच वेळ चाचपडलं, आणि पेपरमिंटची एक गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"एवढं तुमचं," त्या म्हणाल्या. "बाकीचं माझं."